श्लेष, सोंग आणि गोष्ठी : दादा कोंडके यांच्या विनोदाविषयीचा मतभेद

१

विनोदी नटाविषयीचा मतभेद इतर कलावंतांविषयीच्या मतभेदाहून एका बाबतीत वेगळा असतो. एखाद्या गायकाचे गाणे न रुचणारा श्रोता ‘हे गाणे आपल्याला भावत नाही’ असे म्हणून थांबतो. ते गाणेच नव्हे, असे तो सहसा म्हणत नाही. विनोदी नट न रुचणारा प्रेक्षक मात्र ‘यात हसण्यासारखे काहीच नाही’ असा निवाडा देतो, आणि तोही भोवतालचे प्रेक्षागृह हास्याने दणाणलेले असताना. हास्य ही डोळ्यांना दिसणारी व कानांना ऐकू येणारी घटना आहे. ती समोर घडत असता तिचे कारणच नाकारणे वरवर पाहता तर्काला धरून वाटत नाही. तरीही असे वारंवार घडते, आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक असतात. या विचित्र मतभेदाचे मूळ कोठे आहे, हा विनोदमीमांसेतील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

मराठीत या मतभेदाचे सर्वांत ठळक उदाहरण दादा कोंडके (१९३२–१९९८) यांचे आहे. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेला आणि सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेला हा नट वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यामुळे १९६५ पासून महाराष्ट्रभर गाजू लागला. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटातून तो पडद्यावर आला. ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटापासून तो स्वतः निर्माता झाला. आणि पुढे ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘राम राम गंगाराम’ (१९७७) अशी यशस्वी चित्रपटांची मालिकाच त्याने उभी केली. त्याच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठला, म्हणजे त्यांतील प्रत्येक चित्रपट सलग पंचवीस आठवडे चालला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात इतक्या सातत्याने इतक्या माणसांना हसविणारा दुसरा नट सहजासहजी दाखविता येणार नाही. असे असूनही सुशिक्षित अभिरुचीने त्याचे नाव दीर्घकाळ संकोचानेच घेतले. एका पक्षाच्या मते तो तमाशातील सोंगाड्याचा अखेरचा मोठा वारस. दुसऱ्या पक्षाच्या मते द्व्यर्थी शब्दांवर गुजराण करणारा ग्राम्य विदूषक. दोन्ही मते त्याच्या हयातीत जन्मली आणि त्याच्या मृत्यूनंतरही ती एकमेकांना भेटलेली नाहीत.

२

हा मतभेद समजावून देण्यासाठी सामान्यतः तीन उत्तरे पुढे केली जातात. पहिले उत्तर असे, की विनोद हा स्वभावाचा प्रश्न आहे. ज्याची त्याची आवड वेगळी. हे उत्तर खोटे नाही, पण ते उत्तरही नव्हे. स्वभावभेद माणसागणिक असतात. कोंडके यांच्याविषयीचा मतभेद तसा विखुरलेला दिसत नाही. तो शहर आणि खेडे, पेठ आणि गिरणगाव, पुस्तक वाचणारे आणि फड पाहणारे अशा समूहांच्या सीमांवरून धावतो. जो भेद समूहांच्या सीमा ओळखतो तो केवळ स्वभावातून उपजलेला असू शकत नाही.

दुसरे उत्तर सामाजिक आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिअ याने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभिरुचीविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले, की माणूस कलाकृतींचे वर्गीकरण करतो तेव्हा त्याच कृतीने तो स्वतःचेही वर्गीकरण करीत असतो. अमुक गोष्टीला न हसणे हे आपण कोणत्या वर्गाचे आहोत हे सांगण्याचे एक साधन असते. भारतीय वाचकाला हा विचार सर्वस्वी नवा वाटण्याचे कारण नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांची वाटणी मोठी अर्थपूर्ण आहे : स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. येथे हास्याचे प्रकार त्याच्या कारणांवरून पाडलेले नाहीत, हसणाराच्या पायरीवरून पाडले आहेत. दात न दाखविता हसणारा वर आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बरगड्या धरून हसणारा खाली. हास्य हा रस स्त्रियांत व नीच प्रकृतीच्या पात्रांत अधिक आढळतो, असेही भरत नमूद करतो. विनोदाला समाजाची उतरंड लावण्याची ही सवय किमान पंधराशे वर्षांची आहे.

तथापि हे सामाजिक उत्तरही पुरे पडत नाही. मतभेद केवळ वर्गाचा असता तर ‘विच्छा माझी पुरी करा’ शहरी मध्यमवर्गाने नाकारले असते. घडले ते उलट. द्व्यर्थी बोलणे, हजरजबाबी कोट्या, राजा-प्रधानाची चेष्टा आणि मैनावतीची अदा हे सारे त्यात होते, आणि तरीही हे लोकनाट्य पांढरपेशा प्रेक्षकाने आनंदाने व पुनःपुन्हा पाहिले. त्याच प्रेक्षकाने पुढे त्याच नटाच्या चित्रपटांकडे पाठ फिरविली. वर्ग तोच, नट तोच, कोटीची जातही पुष्कळ अंशी तीच. बदलले ते दुसरेच काही.

तिसरे उत्तर लोककलेचे अभ्यासक देतात. त्यांच्या मते नापसंती ही अज्ञानातून आलेली आहे. ज्याला गण, गौळण, बतावणी व वग ही तमाशाची घडण ठाऊक नाही, मावशी आणि पेंद्या यांची नोकझोक ज्याने पाहिली नाही, तो कोंडके यांना वास्तववादी चित्रपटाच्या मापाने मोजतो आणि त्यामुळेच फसतो. या उत्तरात तथ्य आहे. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाहणाऱ्या कामगाराला सोंगाड्या हे ‘पात्र’ नसून एक ‘सोंग’ आहे हे सांगावे लागत नव्हते. परंतु ज्ञान आणि हास्य यांचा संबंध इतका सरळ नाही. तमाशाची परंपरा उत्तम जाणणारे आणि तरीही कोंडके यांच्या उत्तरकालीन चित्रपटांना न हसणारे जाणकार असू शकतात; आणि तमाशा कधीही न पाहिलेली मुलेही त्यांच्या ढगळ अर्ध्या चड्डीला आणि तिच्या लोंबणाऱ्या नाडीला पोट धरून हसतात.

३

तेव्हा या विनोदाची घडण जवळून पाहणे अवश्य आहे. कोंडके यांच्या विनोदाचा कणा श्लेष आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु श्लेषाच्या दोन जाती आहेत, आणि त्यांतील फरक येथे निर्णायक ठरतो. संस्कृत काव्यातील श्लेषात दोन्ही अर्थ कवी स्वतः पुढे ठेवतो. वाचकाने ते ओळखले म्हणजे कवीच्या बुद्धीचे कौतुक होते. एकनाथांच्या भारुडातही वरचा अर्थ लौकिक आणि आतला अर्थ पारमार्थिक असतो, आणि आतल्या अर्थाची जबाबदारी रचणारा स्वतः घेतो. सोंगाड्याचा श्लेष याच्या नेमका उलट आहे. त्यात वरचा अर्थ निर्मळ असतो आणि बोलणारा केवळ तेवढ्याच अर्थाची कबुली देतो. दुसरा अर्थ तो बोलत नाही. तो प्रेक्षकाच्या मनात उमटतो, आणि उमटला हे प्रेक्षकाच्या हसण्यावरूनच कळते.

‘सोंगाड्या’तील नाम्या या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आईच्या धाकात वाढलेला हा भाबडा तरुण तमाशाच्या ओढीने घराबाहेर पडतो व फडाच्या जगात येऊन दाखल होतो. बायकांच्या बाबतीत त्याला काहीच कळत नाही, असे चित्रपट गृहीत धरतो. तो जे बोलतो ते अजाणतेपणाने बोलतो. त्याच्या वाक्याचा दुसरा अर्थ त्याला ठाऊक नाही, कलावतीला ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे. हसणारा माणूस अशा रीतीने वाक्य पुरे करतो. नटाने अर्धे काम केले, उरलेले अर्धे प्रेक्षकाने केले. कोंडके यांच्या मुद्रेवरील तो बावळट प्रश्नार्थक भाव, वाक्याच्या शेवटी घेतलेला विराम, आणि लोक का हसले हे न समजल्यासारखे इकडेतिकडे पाहणे, या सर्व हालचाली म्हणजे उरलेले अर्धे काम प्रेक्षकाकडे सोपविण्याच्या युक्त्या होत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. या विनोदाला न हसणाराला तो विनोद ‘कळला नाही’ असे मुळीच नाही. दुसरा अर्थ त्यालाही तितक्याच वेगाने कळलेला असतो. तो कळल्यामुळेच तर तो अवघडतो. हसणारा आणि न हसणारा यांच्यातील भेद आकलनाचा नसून सहभागाचा आहे. एक जण वाक्य पुरे करण्यास तयार आहे, दुसरा ते अर्धेच सोडून देतो. ‘यात हसण्यासारखे काही नाही’ या वाक्याचा खरा अर्थ म्हणूनच ‘या कामात आपला हात नाही’ असा असतो. जो निवाडा गुणाविषयीचा वाटतो तो वस्तुतः भागीदारीस दिलेला नकार आहे.

चित्रपट परीक्षण मंडळाची अडचणही याच ठिकाणी होती. कोंडके यांच्या ‘एकटा जीव’ या आत्मकथनात सेन्सॉरशी झालेल्या झगड्यांच्या हकिकती आल्या आहेत. त्या झगड्यांतील पेच शब्दांत मांडायचा तर असा : आक्षेप घ्यायचा म्हणजे आक्षेप घेणाराने दुसरा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगावयास हवा, आणि तो सांगितला, की तो अर्थ त्याच्याच मनातला ठरतो. १९५२ च्या चित्रपट अधिनियमात शिष्टाचार व नीतिमत्ता यांचा निकष होता. पुढे डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत हीन प्रवृत्तींना उघडपणे आवाहन करणाऱ्या द्व्यर्थी शब्दांचा स्वतंत्र उल्लेख आला. त्यातील ‘उघडपणे’ हा शब्द मोठा बोलका आहे. द्व्यर्थी शब्दाचे सारे बळ तो उघड नसण्यातच असते. कायद्याला जे उघड हवे होते ते उघड करण्याचे काम अखेर ऐकणारालाच करावे लागते.

४

श्लेषाचा प्रश्न वाक्यावर न सुटता ऐकणाऱ्यांवर येऊन ठेपतो, ही गोष्ट प्राचीन काव्यशास्त्राच्या नजरेतून सुटलेली नव्हती. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात दोषांची गणना करताना अश्लील हा दोष सांगितला असून व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल यांची सूचना असे त्याचे तीन भेद केले आहेत. ग्राम्यत्व हाही दोष त्याने वेगळा गणला आहे. परंतु तोच मम्मट पुढे सांगतो, की हे दोष सर्वत्र दोषच राहतात असे नाही. काही प्रसंगी अश्लील हा गुण होतो. त्यासाठी त्याने दिलेले उदाहरण शृंगारगोष्ठीचे आहे, आणि अशा गोष्ठीत गुप्त गोष्ट द्व्यर्थी पदांनी सूचित करावी, या कामशास्त्रातील संकेताचा तो आधार घेतो. म्हणजे तेच पद एका बैठकीत दोष आणि दुसऱ्या बैठकीत गुण. ते पद बदलत नाही; गोष्ठी बदलते.

‘गोष्ठी’ हा शब्द येथे त्याच्या जुन्या अर्थाने घ्यावयाचा आहे : समान शीलाच्या, परस्परांवर विश्वास असणाऱ्या माणसांची बैठक. प्रस्तुत मतभेदाची किल्ली या शब्दात आहे. विनोदाला हसणे म्हणजे विशिष्ट गोष्ठीचे सभासदत्व पत्करणे. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ याने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या हास्यावरील ग्रंथात याच अर्थाची एक गमतीदार हकिकत दिली आहे. प्रवचन ऐकून सर्व श्रोते रडत असता एक माणूस कोरडाच राहिला. कारण विचारता तो म्हणाला, की आपण या गावच्या चर्चचे नव्हे. बेर्गसाँच्या मते रडण्याविषयी जे त्या माणसाला वाटले ते हसण्याच्या बाबतीत अधिकच खरे आहे. हास्य नेहमी कोणत्या तरी समूहाचे असते.

‘विच्छा’चा पांढरपेशा प्रेक्षक आणि त्याने पुढे फिरविलेली पाठ यांचा उलगडा आता होऊ शकतो. नाट्यगृहातील ‘विच्छा’च्या वेळी जी गोष्ठी जमली ती मोठी विस्तृत होती. सबनीस यांच्यासारखा सुशिक्षित विनोदकार लेखक, सेवा दलाच्या कलापथकांनी लोकनाट्याला मिळवून दिलेली प्रतिष्ठा, आणि प्रयोगागणिक त्या त्या दिवसाच्या राजकारणावर होणारी ताजी टीका, यांमुळे मध्यमवर्गीय प्रेक्षकाला त्या बैठकीत आपली जागा दिसत होती. चित्रपटाबरोबर गोष्ठी वेगळी जमली. तिची भाषा अधिक खेडवळ आणि तिचे हसणे अधिक मोकळे होते. ‘सोंगाड्या’च्या वेळी दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात मराठी चित्रपटाला जागा मिळण्यावरून जो वाद झाला आणि शिवसेनेने त्यात जो हस्तक्षेप केला, त्यानंतर तर हा चित्रपट पाहणे ही मुंबईतील मराठी माणसाच्या हक्काशी जोडलेली गोष्ट झाली. तिकीट काढणारा आता केवळ विनोदाला हसत नव्हता. आपले माणूस, आपली बोली, आपले चित्रपटगृह यांना तो पाठिंबा देत होता. ज्याला या बैठकीत बसावयाचे नव्हते त्याला तेथील विनोदही विनोद वाटेनासा झाला.

५

या विवेचनाची कसोटी उलट बाजूने घेता येते. पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाविषयी सुशिक्षित मराठी समाजात जवळजवळ एकमत आहे. परंतु ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) वाचून हसण्यासाठी वाचकाजवळ किती सामग्री असावी लागते, याचा हिशेब क्वचितच केला जातो. मुंबईच्या पांढरपेशा चाळीतील जिणे, संगीत नाटकांची आठवण, शाळेतील संस्कृत, सभासंमेलनांची भाषणे, उपासाच्या व उपदेशाच्या तऱ्हा, आणि या सर्वांविषयीची एक हळवी आपुलकी, एवढे भांडवल त्या हास्यापाठीमागे उभे असते. हे भांडवल ज्याच्यापाशी नाही त्याला त्या पुस्तकातील अनेक जागा सपाट वाटतील. मराठीतील दलित व ग्रामीण साहित्याच्या उदयानंतर मध्यमवर्गीय विनोदाच्या या मर्यादेची चर्चा झालीही.

तथापि या दोन प्रकरणांत एक विषमता आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. देशपांडे यांच्या विनोदाला जो हसत नाही त्याच्याविषयी ‘त्याला कळत नाही’ असे म्हटले जाते. उणीव वाचकाच्या पदरी टाकली जाते. कोंडके यांच्या विनोदाला जो हसत नाही त्याच्याविषयी ‘त्याला अभिरुची आहे’ असे म्हटले जाते. उणीव नटाच्या पदरी टाकली जाते. दोन्ही ठिकाणी घडलेली घटना एकच आहे : एका गोष्ठीबाहेरचा माणूस त्या गोष्ठीत हसला नाही. एका ठिकाणी तिचा अर्थ अज्ञान आणि दुसऱ्या ठिकाणी संस्कार असा लावला जातो, याचे कारण विनोदात नाही. कोणत्या गोष्ठीच्या हाती पाठ्यपुस्तके, नियतकालिके आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम आहेत, यात ते आहे. भरताची उतरंड नवे नाव घेऊन येथे पुन्हा उभी राहते.

६

एवढ्यावर विवेचन थांबविले तर मात्र त्यातून एक सोयीस्कर निष्कर्ष निघेल : प्रत्येक गोष्ठी आपल्या घरी बरोबर, आणि समीक्षकाला बोलण्यासारखे काही उरले नाही. हा निष्कर्ष पत्करणे म्हणजे कोंडके यांच्यावरही अन्याय करणे होय. कारण मग त्यांचा उत्तम विनोद आणि त्यांचा सामान्य विनोद यांत भेद करता येणार नाही. गोष्ठीचे सत्य मान्य करूनही तारतम्य शक्य आहे. त्यासाठी हास्य किती मोठे झाले हे मोजून भागत नाही. या बैठकीत कोणाला बसविले आणि कोणाच्या खर्चाने ती चालविली, हे पाहावे लागते.

सिग्मुंड फ्रॉइड याने १९०५ साली विनोदावर लिहिलेल्या ग्रंथात असे दाखविले, की शृंगारिक चावट विनोदाला तीन माणसे लागतात : बोलणारा, ज्या स्त्रीला उद्देशून बोलणे चालते ती, आणि ऐकून हसणारा तिसरा. तिसऱ्याचे हसणे हाच बोलणाऱ्याचा मोबदला. या त्रिकोणात दुसऱ्या व्यक्तीची जागा कशी आहे यावर त्या विनोदाची नैतिक जात ठरते. पारंपरिक गौळणीत ही दुसरी व्यक्ती मुकी नसते. गौळणी पेंद्याला उत्तर देतात, मावशी तर त्याची पुरती फजिती करते. चावटपणा दोन्ही बाजूंनी चालतो आणि डाव अनेकदा बायकांच्या बाजूला जातो. ‘विच्छा’तही मैनावती ही केवळ चेष्टेचा विषय नव्हे, तिच्या हट्टापायी राजाच्या छपरी पलंगाचे प्रकरण उभे राहते आणि कोतवालाच्या करड्या सचोटीचे सोंग उघडे पडते. तेथे दुसरा अर्थ शरीरापाशी थांबत नाही. शरीराच्या वाटेने तो सत्तेपर्यंत जातो. सर्वसामान्य प्रेक्षकाला ज्याची भीती वाटते तो अंमलदार आपल्यासारखाच लोभी व लंपट आहे, हे कळल्याचा आनंद त्या हास्यात असतो.

‘सोंगाड्या’त खर्च वेगळ्या खात्यावर पडतो. तेथे हसण्याचा विषय प्रामुख्याने स्वतः नाम्या आहे. त्याचे अज्ञान, त्याची आईभक्ती, त्याचा वेष यांना प्रेक्षक हसतो. कलावती त्याच्यापेक्षा शहाणी आहे. नटाने आपलेच हसे करून घेतल्यामुळे श्लेषाचा डंख बोथट होतो. या चित्रपटाला हसणारा माणूस कोणाला खाली ढकलून हसत नाही. कोंडके यांच्या कलेचे उत्कृष्ट रूप येथे आहे, आणि ते नाकारणाऱ्या समीक्षेने स्वतःचीच परीक्षा करून घ्यावयास हवी.

उत्तरकालात या घडणीतील दोन आधार निखळले. पहिला आधार भोळेपणाचा. ‘सोंगाड्या’च्या वेळी कोंडके एकोणचाळीस वर्षांच्या आसपास होते, ढगळ चड्डीतला तो पोरकट तरुण तेव्हाच थोडा ताणलेला होता, पण प्रेक्षक तो ताण आनंदाने सोसत होता. ‘आली अंगावर’ (१९८२) आले तेव्हा नट पन्नाशीला पोहोचला होता, आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या हिंदी चित्रपटाच्या वेळी चोपन्नाव्या वर्षात. प्रौढ चेहऱ्यावरचे अजाणपण सोंग म्हणूनही पटेनासे झाले. बोलणाराला दुसरा अर्थ ठाऊक आहे असे एकदा प्रेक्षकाला वाटले, की अर्ध्या वाक्याची गंमत संपते. नाम्या जे न कळून बोलत होता ते आता कळून बोलले जाऊ लागले. शब्द तेच राहिले, पण ते उच्चारणारे सोंग बदलले.

दुसरा आधार प्रेक्षकाच्या वाट्याला आलेल्या कामाचा. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) पासून पुढे श्लेष चित्रपटाच्या नावातच येऊन बसू लागला. जाहिरातीच्या फलकावर लिहिलेला श्लेष हा प्रेक्षकाने हळूच ओळखावयाचा श्लेष राहत नाही. तो दुकानाच्या पाटीसारखा होतो. प्रसंगातून न उगवता नावातून पसरणारा हा दुसरा अर्थ मग शरीरापाशीच घुटमळतो, सत्तेपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याचा भार बहुधा नायिकेवर पडतो. तिला उत्तर देण्याची गौळणीची जागा आता उरलेली नसते. प्रेक्षागृहातील स्त्रीलाही त्यामुळे कठीण निवड करावी लागते : फ्रॉइडच्या त्रिकोणातील तिसऱ्या माणसाबरोबर हसावे, की दुसऱ्या माणसाच्या जागी आपण आहोत हे ओळखून गप्प बसावे. जी गोष्ठी आपल्या काही सभासदांना अशी निवड करावयास लावते ती अरुंद झालेली असते. ती अरुंद झाली आहे असे म्हणणे हा वर्गाचा अहंकार नव्हे. तो त्या विनोदाच्याच परंपरेतून काढलेला निकष आहे.

७

या मतभेदाचा एक अखेरचा पैलू काळाने दाखवून दिला. कोंडके यांचे चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवरून घरोघर आले. चित्रपटगृहाच्या अंधारात मित्रांबरोबर मनमुराद हसलेला माणूस बैठकीच्या खोलीत वडील आणि मुलगी शेजारी असता तोच प्रसंग पाहून अवघडतो. त्याची अभिरुची एका रात्रीत सुधारलेली नसते, त्याचा वर्ग बदललेला नसतो आणि परंपरेचे त्याचे ज्ञान कमी झालेले नसते. फक्त गोष्ठी बदललेली असते. जो मतभेद समाजाच्या दोन थरांत आहे असे वाटत होते तो एकाच माणसात, एकाच आयुष्यात घडतो. आता तर तेच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर एकट्याने पाहिले जातात, आणि गोष्ठीच उरली नसल्याने पुष्कळदा ते केवळ जुन्या काळाचे कुतूहल म्हणून पाहिले जातात.

तेव्हा दादा कोंडके विनोदी होते की नव्हते, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण त्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र झालेले आहेत. लोक हसले काय, हा पहिला. त्याचे उत्तर पंचवीस आठवड्यांच्या हिशेबाने दिलेले आहे. हसविण्यात कौशल्य होते काय, हा दुसरा. विराम, मुद्रा आणि बोलीचा डौल यांवरील त्यांची हुकमत पाहता त्याचेही उत्तर नकारार्थी देणे कठीण आहे. त्या हास्यात सामील व्हावे काय, हा तिसरा. आणि वाद खरोखर याच प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर ‘विच्छा’ला आणि ‘सोंगाड्या’ला एक, तर उत्तरकालीन चित्रपटांना दुसरे असे येते. न हसणारा पक्ष तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या भाषेत देतो, म्हणून तो हास्याची घटनाच नाकारताना दिसतो. हसणारा पक्ष पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याच्या जागी ठेवतो, म्हणून तो रौप्यमहोत्सव मोजून दाखवितो. दोघांचेही बोलणे खरे असते आणि दोघेही वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतात.

विद्यापीठीय समीक्षेवर यातून एक जबाबदारी येते. लोकप्रिय विनोदाला अभ्यासाबाहेर ठेवणे सोपे आहे, आणि आता त्याला सरसकट लोककलेचे प्रमाणपत्र देणेही तितकेच सोपे झाले आहे. दोन्हींत त्या विनोदाकडे पाहण्याचे टळते. गोष्ठीबाहेर उभे राहून तिला नावे ठेवणारा समीक्षक आणि गोष्ठीत शिरून तिचे गोडवे गाणारा समीक्षक, यांपेक्षा तिच्या उंबरठ्यावर बसून कोण आत आले, कोण बाहेर राहिले आणि कोणाच्या खर्चाने बैठक रंगली, याची नोंद ठेवणारा समीक्षक अधिक उपयोगाचा. अशी नोंद कोंडके यांची जितक्या बारकाईने ठेवावयाची तितक्याच बारकाईने ती देशपांडे यांचीही ठेवली गेली पाहिजे. एरवी तिला तारतम्य म्हणता येणार नाही.